चोरकप्पा

...काडी. आगपेटीतली, गूल मोडलेली, फरशीवर त्याच्या गुडघ्यापाशी पडलेली. ती आत्ता पडली की आधीपासून तिथेच होती, हे त्याला काही केल्या आठवेना. फळी सरकवताना कानाशी काहीतरी टिक्‌ झालं होतं खरं. पण दुपारच्या उन्हात लाकूड टिकटिकतंच, त्यात नवल नाही, आणि असल्या आवाजांकडे त्याने जन्मात कधी लक्ष दिलं नव्हतं. आजच दिलं. आजच, कारण आज त्याचा उजवा हात दुसऱ्याच्या कपाटातल्या चोरकप्प्यात कोपरापर्यंत घातलेला होता.

कप्पा रिकामा होता. बोटांनी त्याने चारी कोपरे चाचपले, मागची भिंत चाचपली. त्यानेच घासून गुळगुळीत केलेलं प्लायवूड, बाकी काही नाही. नोटा नाहीत, सोनं नाही, साधा कागदाचा कपटा नाही. या रिकामपणाचं त्याला जे वाटायला हवं होतं ते वाटायला वेळच मिळाला नाही, कारण तेवढ्यात ती काडी दिसली आणि छाती धडधडायला लागली. कर नाही त्याला डर कशाला, हे वाक्य तो आयुष्यभर ऊठसूट लोकांना ऐकवत आला होता. आता ते त्याच्याच छातीत ठोकर खात होतं.

काडी त्याची स्वतःचीही असू शकत होती. बिजागरीचा स्क्रू ढिला झाला, भोक मोठं झालं, की त्यात गूल मोडलेल्या काड्या ठोकायच्या आणि स्क्रू पुन्हा पिळायचा. कुठल्याही सुताराला येतं हे. आज सकाळपासून डाव्या दाराला त्याने तेच केलं होतं. दार खाली घासत होतं म्हणून तर त्याला पुन्हा बोलावलं होतं. म्हणजे त्यातलीच एक घरंगळली असेल, झालं... पण फळीच्या फटीत काडी अडकवून ठेवायची आणि नंतर ती जागेवर आहे का बघायचं, हीसुद्धा जुनी युक्ती आहे. कोणी उघडलं की काडी पडते. उघडणाऱ्याला कळत नाही, मालकाला कळतं. आणि मालक जर तुरटी असेल, तर तो अख्खी काडी लावणार नाही. तो गूल मोडूनच लावील, म्हणजे सुताराला वाटावं की आपलीच आहे. लहानपणी तुरटी याच्या वडिलांच्या सुतारकामाच्या दुकानात तासन्‌तास बसून असायचा. काड्यांची ही युक्ती त्याने तिथे शंभरदा पाहिली होती.

तुरटी हे नाव गल्लीने ठेवलेलं. जिथे घुसेल तिथलं पाणी निवळेपर्यंत हा हलायचा नाही, म्हणून. काटकुळा, पांढरट, घुमा. आता त्याला शेठ म्हणतात. गावाबाहेर त्याची गोदामं आहेत, घराला वरचा मजला आहे, वरच्या मजल्यावर ही झोपायची खोली आणि खोलीत भिंतभर हे कपाट. याने, मिस्त्रीने, कपाटाचं काम घेतलं, फळ्या कापल्या, जोडल्या, पॉलिश केलं, पण या सगळ्या दिवसांत मालकाला एकदाही हाक मारली नाही. तू म्हणावं तर नोकरचाकर ऐकतात, तुम्ही म्हणावं तर जीभ वळत नाही — एका बाकावर बसून मार खाल्लेला मुलगा, त्याला तुम्ही कसं म्हणायचं? म्हणून तो अधांतरीच बोलायचा. 'हे असं ठेवायचं का?' 'रंग पसंत आहे ना?' तुरटीचं मात्र ठरलेलं. चारचौघांत मिस्त्री, एकटा असला की अरे.

आणि असाच एकटा असताना, गेल्या आठवड्यात, दार लोटून घेऊन तो हळू आवाजात म्हणाला होता, "अरे, खालच्या खणामागे एक कप्पा होईल का? दिसणार नाही असा?"

होईल की. का नाही होणार? मिस्त्रीला त्या क्षणी जो आनंद झाला तो लपवायला त्याला खाली वाकून पट्टी शोधल्याचं सोंग करावं लागलं. इतकी वर्षं तो जे सांगत होता ते तुरटी स्वतःच्या तोंडाने कबूल करत होता. दडवायला जागा कोण मागतो? ज्याच्याकडे दडवायचं असतं तो. हातच्या कांकणाला आरसा कशाला! त्याने कप्पा केला, आणि असा केला की केल्यावर त्यालाही क्षणभर फट सापडेना. चोरीच्या मालाला इतकी सुबक जागा दुनियेत दुसरी नसेल, असं मनात म्हणत त्याने ती फळी हवी त्याहून जास्तच घासली.

तुरटीच्या श्रीमंतीची गल्लीत प्रत्येकाकडे आपापली एक गोष्ट होती. शिंपी म्हणायचा, सासऱ्याची इस्टेट. शिंप्याच्या स्वतःच्या भावाने वडिलांचं घर गिळलं होतं. मास्तर म्हणायचे, नशीब हो, दुसरं काय, नशिबापुढे अक्कल पाणी भरते. मास्तर बढतीची परीक्षा देऊन देऊन म्हातारे झाले होते. दूधवाला म्हणायचा, कंजूष आहे, जन्मात कोणाला चहा पाजला नाही, म्हणून साठलं. दूधवाल्याचा हात सढळ, आणि तेच त्याच्या फाटक्या सदऱ्याचं कारण, असं त्याचं म्हणणं. मिस्त्रीची गोष्ट आगीची. तुरटी ज्या गोदामात मुकादम होता त्याला आग लागली, मालक बुडाला, आणि थोड्याच दिवसांत तुरटीकडे स्वतःचा टेंपो आला. बस. यापुढे मिस्त्री काही बोलायचा नाही. नुसता कानस उचलायचा आणि घासायला लागायचा. ऐकणाऱ्याने काय ते समजून घ्यावं. ही गोष्ट त्याने इतक्यांदा न बोलता सांगितली होती की तिला आता कडा उरल्या नव्हत्या, हातात बरोबर बसत होती.

आणि त्या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग तर सांगावाही लागायचा नाही. तो समोर बसलेलाच असायचा, भुशाने माखलेला. मी. मी असा का? कारण मी आग लावली नाही.

हे लेकीला कसं कळलं कोण जाणे. परवा तुरटीचा निरोप आला की हिशेबाच्या कामाला पोरगी हवी आहे, तुझीच पाठव, शिकलेली आहे, घरातली आहे. घर उजळलं. बायको म्हणाली, "दैव देतं नि कर्म नेतं, असं करू नका हो या वेळी. दोन वर्षं ती नोकरी शोधतेय." तो म्हणाला, बघू. म्हणाला, त्या पैशाला वास आहे. तेव्हा लेक स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. ती ओरडली नाही, रडली नाही, शांतपणे म्हणाली, "बाबा, ते चोर आहेत का नाहीत मला माहीत नाही. पण तुम्हाला ते चोर असायला हवे आहेत."

पोरींना शिकवलं की अशी वाक्यं येतात त्यांना. त्याने ताट बाजूला सारलं. आज संध्याकाळी उत्तर द्यायचं होतं. हो म्हटलं तर उद्यापासून ती तिथे, नाही म्हटलं तर पुन्हा ते सगळं. पोरगी सकाळी नीटनेटकी होऊन बाहेर पडणार, उन्हं उतरल्यावर चेहरा पाडून येणार, आणि कोणी विचारलं तर सांगणार, पुढच्या आठवड्यात कळवतो म्हणालेत.

म्हणून तर त्याने कप्पा उघडला. चोरायला नव्हे, बघायला. फक्त बघायला, आणि तेही लेकीसाठी. आत काही सापडलं असतं तर तो घरी जाऊन छातीवर हात ठेवून सांगू शकला असता की माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आता बोला. स्वयंपाकाच्या बाई रोज तांदूळ नाहीतर भाजी निवडत या खोलीच्या दारात ठाण मांडून असतात. म्हणे इथे वारा चांगला येतो! वारा कसला येतोय, शेठने बसवलंय, मिस्त्रीने एखादी बिजागरी खिशात टाकू नये म्हणून. आज मात्र खालून हाक आली आणि बाई सूप तसंच टाकून गेल्या. अजून परतल्या नव्हत्या. त्या गेल्या तेव्हा त्याला वाटलं, बरं झालं. आता काडीकडे बघताना वाटलं... हाक कोणी मारली होती? आजच का? आणि सूप असं अर्धवट टाकून?

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच असावं. घर शांत होतं आणि त्याला सगळं घर जागं वाटत होतं.

त्याने फळी लावली. काडी उचलली. फटीत ठेवावी का? ठेवली असती, पण उभी की आडवी, वर की खाली? चुकीच्या जागी ठेवली तर न ठेवण्याहून वाईट. शेवटी ती त्याने सदऱ्याच्या खिशात टाकली आणि टाकल्याबरोबर मनात आलं की या घरातून आजवर आपण उचललेली ही पहिली वस्तू. तो हसला.

जिन्यावर चपला वाजल्या. तुरटी आला, पलंगाच्या कडेवर बसला. चेहऱ्यावरून काही कळायची सोय नाही, लहानपणीही नव्हती. एका बोटाने त्याने दार ढकललं. ते न घासता मिटलं.

"वा," तो म्हणाला. "लोण्यासारखं चालतंय."

"बिजागरीच ढिली होती."

"तुझे वडील असंच करायचे. काड्या घालून." तुरटी दाराकडेच बघत होता. "मला भुसा न्यायला द्यायचे ते. पोतं भरून. आमची चूल त्याच्यावर पेटायची, आठवतं?"

काड्या. काड्या का काढल्या याने? मिस्त्रीने पटाशी पुसायला घेतली, पुसलेलीच पुन्हा पुसली. हा सांगतोय का मला काही? का नुसतं आठवण काढतोय? याच्या आठवणीत माझे वडील आहेत आणि मला ते चालत नाही, का चालत नाही ते मात्र कळत नाही...

"पोरीला उद्या पाठवतोस ना?" तुरटी म्हणाला. "मला तिथे तुझ्याच घरचं माणूस हवंय. बाकी कोणाचा भरवसा नाही. तुमच्या घरातलं कोणी कशाला हात लावणार नाही, मला पक्कं ठाऊक आहे."

मिस्त्रीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हा टोमणा होता. नव्हता. होता. तो मोघम म्हणाला, "गरिबाकडे तेवढंच तर असतं. सचोटी."

तुरटी हसला. वाईट हसला नाही, तेच जास्त लागलं. "सचोटी कसली रे, तू भितोस. तुझ्यात ते धाडसच नाही. नदीवर सगळे उड्या मारायचे तेव्हा तू कपडे सांभाळत बसायचास. तीच तुझी सचोटी. रागावू नकोस, चांगलंच आहे ते, माझ्या कामाचं आहे. आपल्या गल्लीत सगळे जिथल्या तिथे का राहिले? भ्याले म्हणून. मी काही वेगळं केलं नाही, मला फक्त भीती वाटली नाही."

त्याच्या तोंडून हे सहज निघालं, जसं एखाद्याने पाऊस का पडतो ते सांगावं. म्हणजे यालाही एक गोष्ट होती! शिंप्यासारखी, मास्तरांसारखी. आणि याच्या गोष्टीत मी कपडे सांभाळत बसलेला होतो.

तेव्हा मिस्त्रीला एक भलतीच इच्छा झाली. सांगून टाकावं — आत्ताच उघडला मी तुझा कप्पा, कोपरापर्यंत हात घातला, भ्यालो नाही. ओठांपर्यंत आलं. सचोटीचा माणूस म्हणून मिरवलेली सगळी वर्षं त्या एका वाक्यावर उधळून द्यायला तो तयार होता, का तर कोणीतरी भित्रा म्हटलं म्हणून. ते त्याने गिळलं, आणि गिळताना कळलं की आत्ता गिळलं तेही भीतीनेच.

आणि मग, नको असताना, वखार आठवली. लाकडाच्या वखारीत भागीदारी चालून आली होती, ऐन उमेदीत. त्याने नाही म्हटलं, कारण तो वखारवाला हलक्या लाकडाला पॉलिश मारून साग म्हणून विकायचा. हे त्याने बायकोला सांगितलं होतं, लेकीला सांगितलं होतं, तिला वाचताही येत नव्हतं तेव्हापासून. पण ते हलकं लाकूड त्याने पाहिलं कधी? कुठे पाहिलं? एका गिऱ्हाइकाच्या घरी, मोडलेल्या पलंगात... आणि तो पलंग मोडला तेव्हा वखारीत दुसरा भागीदार येऊन बराच काळ लोटला होता. म्हणजे नकार आधी. कारण नंतर. मग त्या दिवशी मी नाही का म्हटलं? त्या दिवशी मला काय ठाऊक होतं? वखारीच्या दारात उभा होतो, आतून ओल्या लाकडाचा वास येत होता, आणि पोटात... पोटात गोळा आला होता. एवढंच आठवतंय.

"कप्प्यात काय ठेवायचं ठरलं?" त्याने एकदम विचारलं. स्वतःचाच आवाज त्याला अनोळखी वाटला.

तुरटीने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"काही नाही," तो म्हणाला. "ठेवायला काही नाहीच रे. जे आहे ते बँकेत, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. पण सगळ्यांना वाटतं, माझ्याकडे काहीतरी दडवलेलं आहे. बायकोला वाटतं, मेहुण्याला वाटतं. तुलाही वाटतं. इतकी माणसं म्हणतात तर निदान कप्पा तरी असावा, म्हटलं."

हे खरं होतं? असं कोणी करतं? की काडी यानेच लावली होती आणि कप्पा आधीच रिकामा करून हा आता गंमत बघत होता? मिस्त्रीने त्याचा चेहरा वाचायचा प्रयत्न केला, जसं लाकडाच्या रेषा बघून ते कुठे फाटेल ते ओळखतात तसा. काही दिसलं नाही. एक थकलेला, पांढरट, म्हातारा होत चाललेला माणूस पलंगाच्या कडेवर बसलेला दिसला. तो चोर असता तर किती बरं झालं असतं.

"मग उद्या?" तुरटीने विचारलं.

"घरी बोलतो," मिस्त्री म्हणाला आणि हत्यारांची पिशवी उचलली. जिन्यात स्वयंपाकाच्या बाई भेटल्या, त्याच्या पिशवीकडे नेहमीसारखं बघून वर गेल्या.

रस्त्यावर उन्हं कलली होती. रोजच्या रस्त्याने येताना त्याला एक सवय होती, ती आज नसल्यावर कळली. दिसेल तो माणूस तसा का, याचं तो कारण लावायचा. हातगाडीवाला — पितो, म्हणून. पायरीवर बसलेला बूटपॉलिशवाला — ऐदी, कोपऱ्यावरचं गिऱ्हाईक सोडून सावलीत बसतो. काचा चढवलेल्या गाडीतला जाड्या — लाच. औषधाच्या दुकानाची मालकीण — नवऱ्याच्या जिवावर. चालता चालता सगळी गल्ली नीट लावून टाकायची, एकेक माणूस आपापल्या खाचेत, आणि मग घरी जाऊन शांत जेवायचं. आज हातगाडीवाला समोरून आला आणि त्याचं काहीच सुचेना. एक माणूस गाडी ढकलत होता. चढ होता. गाडीतला जाड्या रुमालाने मान पुसत होता. हे असे का, आणि मी असा का, आणि मधे हा एवढा रस्ता का — विचारावं तर कोणाला? डोकं सुन्न झालं. राग यायला हवा होता, पण राग येण्यासाठीही कारण लागतं.

लेक दारातच बसली होती, एका ब्लाउजला बटण लावत. उद्यासाठीचं. हो म्हणण्याआधीच तयारी चालू होती, आणि ती लपवण्याचाही तिने प्रयत्न केला नाही. त्याला पाहून ती उठली नाही, काही विचारलं नाही. सुई मात्र थांबली.

"जा उद्यापासून," तो म्हणाला.

आतून बायकोचा आवाज आला, "ऐकलं का मी बरोबर? का सूर्य पश्चिमेला उगवला?" भांडं ठेवल्याचा आवाज आला, मग ती बाहेर आली आणि उगाचच त्याच्या हातातली पिशवी घेतली. लेक हसली. किती दिवसांनी हसली. तो हसण्याकडे बघत राहिला आणि त्याला बरं वाटलं, अगदी खरं बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्यातच तोंडातून निघून गेलं, "डोळे उघडे ठेव तिथे."

"कशासाठी?"

"असंच. काय येतं, काय जातं. बघत जा."

तिने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग दोरा दातांनी तोडला. "बरं," म्हणाली आणि ब्लाउज खांद्यावर टाकून आत गेली.

तो पायरीवर बसला. मी तिला कमवायला पाठवतोय ना? तिच्याच भल्यासाठी ना? की आत शिरायला दुसरी वाट सापडली, म्हणून एवढ्या सहज हो म्हणालो... काही दिवस जातील, मग एका संध्याकाळी ती येईल, चपला काढेल, पाणी पिईल, आणि सांगेल. काय सांगेल? सांगेल की बाबा, तिथे सगळं सरळ आहे. ती असंच सांगेल. पगार मिळाल्यावर, नवी चप्पल घेतल्यावर, तुरटीला काका म्हणायला लागल्यावर दुसरं काय सांगणार? आत ती आईशी काहीतरी हळू आवाजात बोलत होती, दोघी हसत होत्या. त्याने कान दिला, शब्द कळले नाहीत. आणि जिच्या शब्दावर त्याने आजवर एकदाही शंका घेतली नव्हती त्या पोरीच्या पाठीकडे, पडद्याआडून दिसणाऱ्या, तो बघत राहिला — हिचं तरी खरं मानीन का मी?